वय कागदावरचं आणि बहात्तरच्या दुष्काळाचं



गटाचा अर्ज भरताना जन्मतारीख विचारली की आपल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते." आपण हसतो आणि अंदाजानं एक साल टाकून देतो. पण समाजशास्त्रात पिढी ओळखतात ती त्यांच्यासारखीच.

कार्ल मॅनहाइम या अभ्यासकानं १९२८ साली पिढ्यांवर जर्मन भाषेत एक निबंध लिहिला. एका साली जन्मली म्हणून माणसं एका पिढीची होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तरुण वयात एकच मोठी घटना सोसली आणि तिनं जगाकडे बघायची नजर घडवली, तर पिढी होते.

आपल्याकडं ती घटना म्हणजे १९७२चा दुष्काळ. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. खायला परदेशातून आलेली लाल मिलो, नाहीतर कामावर मिळणारी सुकडी. किती तरी बायांचं नाव हजेरीपटावर तेव्हा पहिल्यांदा लागलं. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागं हीच कामं होती.

मॅनहाइमची दुसरी गोष्ट मला जास्त पटते. एका पिढीतही सगळ्यांचा अनुभव सारखा नसतो. जिच्या विहिरीला पाणी टिकलं ती दुष्काळ एक सांगते, जिनं खडी फोडली ती दुसराच सांगते. वय दोघींचं सारखंच.

आता हिशेब करा. खडी फोडणारी पोर तेव्हा १४ वर्षांची धरली, तरी तिचा जन्म १९५८चा. आधार कार्डावर १ जानेवारी १९६५ असेल, तर दुष्काळात ती ७ वर्षांची होती म्हणायची! (शाळेत गेलेल्यांना गुरुजींनी १ जून दिला, तो वेगळाच.) श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कागदावरच्या एका अंदाजापायी तिची ७ वर्षांची पेन्शन जाते.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक आजीला तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: दुष्काळात कोणत्या कामावर होतीस, लग्न झालं होतं का, कडेवर लेकरू होतं का. मग तिचं रेशन कार्ड आणि मतदार यादी काढून वय ताडून बघा.