दीड इंचाचे दार

मनुष्याने स्वतःसाठी घरे कशी बांधली याचा इतिहास आपण शाळेपासून वाचीत आलो आहो. पाखरांसाठी त्याने जी घरे बांधली त्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक तो मनोरंजक आहे आणि माणसाला थोडासा लाजविणाराही आहे. त्यातील उत्तर अमेरिकेतले एक प्रकरण आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

पाखरांना घर देण्याची चाल त्या खंडात जुनी आहे. चॉक्टॉ व चिकसॉ या तेथील मूळच्या जमाती वाळलेल्या तुंब्यांना भोक पाडून ते वस्तीजवळ टांगीत, आणि त्यात पर्पल मार्टिन नावाची मोठी पाकोळी संसार थाटी, अशी नोंद अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केली आहे. या शेजाराचा परिणाम असा झाला की, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मार्टिन आज जवळजवळ सर्वस्वी माणसाने दिलेल्या घरातच अंडी घालतो. एकदा दिलेला आश्रय पुढे काढून घेता येत नाही, हा धडा त्या तुंब्यांतच होता.

ब्ल्यूबर्डची कथा निराळी आहे. निळी पाठ आणि तांबूस छाती असलेला हा लहानसा पक्षी ढोलीत घरटे करतो. परंतु त्याच्या चोचीत लाकूड पोखरण्याचे बळ नसते. सुतारपक्ष्याने कोरून सोडलेली ढोली, सफरचंदाच्या जुन्या झाडाची पोकळी किंवा कुंपणाचा कुजका खांब, एवढ्यावरच त्याची भिस्त. पुढे शेतकऱ्यांनी वठलेली झाडे तोडली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी खांब उभे केले, आणि त्याचे बिऱ्हाड उघड्यावर पडले.

याच सुमारास दोन परके भाडेकरू त्या भूमीवर आले; नव्हे, हौसेने आणले गेले. झाडांवरील सुरवंट खाईल या आशेने 1851 साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे युरोपातील चिमणी सोडण्यात आली. 1890 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, मैनेच्या कुळातील स्टार्लिंग हे पक्षी सुमारे साठ सोडण्यात आले. दोघेही ढोलीत राहणारे, दोघेही भांडखोर, आणि दोघांचीही प्रजा अफाट वाढली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्ल्यूबर्ड अनेक प्रांतांत दुर्मिळ झाला होता.

त्याला तारले ते एका मापाने. पेटीचे भोक दीड इंच व्यासाचे ठेवले तर ब्ल्यूबर्ड आत जातो, पण त्याहून थोराड असलेल्या स्टार्लिंगला जाता येत नाही. इलिनॉय प्रांतातील क्विन्सी गावच्या टी. ई. मसलमन यांनी 1934 साली खेड्यांच्या रस्त्यांच्या कडेने अशा पेट्यांची ओळच लावण्याची कल्पना अमलात आणली. पुढे लॉरेन्स झेलेनी या रसायनशास्त्रज्ञाने या पक्ष्यासाठी चिकाटीने प्रचार केला, आणि 1978 साली उत्तर अमेरिकेच्या ब्ल्यूबर्ड संस्थेची स्थापना झाली. सामान्य गृहस्थांनी आपापल्या परसात आणि शेताच्या बांधावर पेट्या उभारल्या. 1966 पासून तेथे दरवर्षी होत असलेल्या पक्षिगणनेत पूर्वेकडील ब्ल्यूबर्डची संख्या वाढत गेल्याचे दिसून आले.

तथापि पेटी खांबावर ठोकली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. वसंत लागण्यापूर्वी, दक्षिणेकडे फेब्रुवारीत आणि उत्तरेकडे मार्चच्या मध्यापर्यंत, ती तयार व्हावी लागते. जुने घरटे काढून टाकावयाचे, उंदरांनी हिवाळ्यात केलेले बिऱ्हाड हलवावयाचे, पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी करावयाची, साप व रॅकून वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचा आडोसा नीट बसला आहे की नाही ते पाहावयाचे. दारापुढे बसण्याची दांडी लावावयाची नाही, कारण ब्ल्यूबर्डला तिची गरज नसते आणि सोय होते ती चिमणीची. चिमणीला दीड इंचाचे दार पुरून उरते. आत शिरून ती अंडी फोडते, पिले मारते, प्रसंगी घरधन्याचाही जीव घेते. म्हणून वीण चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा पेटी उघडून पाहणारा माणूस लागतोच. चिमण्यांनी बळकावलेली आणि कोणी न पाहिलेली पेटी ही ब्ल्यूबर्डला घर नसून सापळा ठरते.

चिमणीचे हे वर्णन ऐकून आपल्याकडील श्रोत्यांना नवल वाटेल. मेणाच्या घरात राहणारी आणि बाळाच्या पहिल्या घासाबरोबर हाक मारली जाणारी आपली चिऊताई ती हीच, याच जातीची. तेथे तिला दुष्ट ठरविणे सोपे आहे. पण समुद्र ओलांडून ती आपण होऊन गेली नव्हती. आणि येथे पाहावे तर कौलांच्या फटी, वळचणी आणि तसबिरींच्या मागची जागा नाहीशी झाल्यामुळे शहरांतून तीच बेघर होत आहे. 2010 पासून 20 मार्च हा तिचा दिवस पाळला जातो आणि पुष्कळ सज्जांत तिच्यासाठी लाकडी पेट्या लटकू लागल्या आहेत.

एकच पाखरू एका देशी घर बळकावणारे, दुसऱ्या देशी घराला मुकलेले. दोन्हीकडे कारण मात्र एकच, माणूस. तेव्हा सज्जात पेटी टांगणाऱ्याने ते उपकार समजू नयेत. ते जुन्या ऋणाचे हप्ते आहेत, आणि ते दरवर्षी, वेळेवर, विणीच्या आधी भरावे लागतात.