प्रायोगिक चित्रपटांचे ४के रूपांतर

प्रायोगिक चित्रपटांचे ४के रूपांतर म्हणजे मूळ फिल्मवर निर्माण झालेल्या प्रायोगिक चित्रपटांचे नव्याने स्कॅनिंग करून ते घरी पाहण्यासाठी अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकडीवर प्रकाशित करण्याची प्रक्रिया होय. कथापटांच्या पुनर्जतनात ओरखडे, डाग व धूळ हे दोष मानून पुसले जातात. प्रायोगिक चित्रपटांत मात्र अनेकदा तोच दिग्दर्शकाने घडवलेला आशय असतो. त्यामुळे येथे काय पुसावे आणि काय राखावे, हा प्रश्न चित्राच्या स्पष्टतेपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

तांत्रिक पार्श्वभूमी

२००६ मध्ये आलेल्या ब्लू-रे तबकडीवर चित्र १९२० × १०८० बिंदूंचे असते. २०१६ पासून उपलब्ध झालेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर ते ३८४० × २१६० बिंदूंचे असते. अनेक प्रायोगिक चित्रपट स्वस्त अशा १६ मिमी फिल्मवर झाले. तिच्या चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिमी चौकटीच्या पाव भागाहूनही कमी असल्याने वाढीव बिंदूंमुळे दृश्यातील तपशील फारसा वाढत नाही. फिल्मवरील रासायनिक कणांचा पोत मात्र अधिक नेमका उतरतो. याउलट रॉन फ्रिक यांच्या 'बराका' (१९९२) या संवादविरहित चित्रपटाचे चित्रण ६५ मिमी निगेटिव्हवर झाले होते. २००८ च्या ब्लू-रे आवृत्तीसाठीच त्याचे ८के स्कॅनिंग करण्यात आले.

संक्षेपण आणि दोषनिवारण

तबकडीवरील चित्रमाहिती साठवताना मागील चौकटीवरून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधला जातो. स्टॅन ब्रॅकेज यांच्या 'मॉथलाइट' (१९६३) मध्ये ही पद्धत अडखळते. पतंगांचे पंख, पाने व गवत पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये दाबून, कॅमेऱ्याविना केलेल्या या सुमारे चार मिनिटांच्या चित्रपटात लागोपाठच्या चौकटींत फारसे साम्य नसते. संक्षेपणासाठी पुरेशी जागा न दिल्यास चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटते. स्वयंचलित दोषनिवारणाचा धोका त्याहून मोठा आहे, कारण संगणकाच्या लेखी पतंगाचा पंख आणि धुळीचा कण यांत भेद नसतो. म्हणून अशा चित्रपटांत प्रत्येक खूण माणसाने तपासावी लागते.

मूळ प्रत

स्कॅनर कितीही सरस असला तरी फलित हाती असलेल्या प्रतीवरच अवलंबून असते. झिगा व्हर्तोव यांच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) या मूकपटाच्या नंतरच्या अनेक प्रतींत ध्वनिपट्टीसाठी चित्राची डावी कड कापली गेली होती. व्हर्तोव यांनी १९३१ मध्ये नेदरलँड्समध्ये ठेवलेल्या प्रतीत संपूर्ण चौकट शाबूत राहिली. अॅमस्टरडॅमच्या आय चित्रपट संग्रहालयाने लॉब्स्टर फिल्म्ससह केलेले पुनर्जतन याच प्रतीवर आधारलेले आहे. मराठीतील 'घाशीराम कोतवाल' (१९७६) हा युक्त या सहकारी गटाचा प्रायोगिक चित्रपटही बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत जतन झालेल्या प्रतीमुळे डिजिटल स्वरूपात उपलब्ध होऊ शकला.

वेग आणि प्रकाश

सेकंदाला १६ किंवा १८ चौकटींचा वेग तबकडीच्या मानकात बसत नाही. त्यामुळे काही चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात. प्रक्षेपकात दोन चौकटींच्या मध्ये क्षणभर अंधार होतो, आधुनिक दूरचित्रवाणी संचावर साधारणतः होत नाही. चित्रपटगृहातील पडद्याची प्रमाण तेजस्विता सुमारे ४८ निट असते. एचडीआर तंत्राने ती कितीतरी पट वाढवता येते, परंतु ती वाढ मूळ कृतीत नसते.

विरोध

ऑस्ट्रियन दिग्दर्शक पीटर कुबेल्का यांनी फिल्मच्या डिजिटल रूपांतराला ठाम विरोध केला. त्यांच्या 'आर्नुल्फ रायनर' (१९६०) मध्ये केवळ काळ्या व पारदर्शक चौकटी, ध्वनी व नि:शब्दता आहे. या कृतीत वाढवण्याजोगा तपशीलच नाही. जे आहे ते प्रकाश आणि अंधार यांच्या लयीत आहे. २०१२ मध्ये 'मॉन्युमेंट फिल्म' या प्रकल्पात त्यांनी तिच्या फिल्मपट्ट्या भिंतीवरही मांडून दाखवल्या.