कडी तुटली, म्हणून खिडकी बदलायची?

आजची गोष्ट खिडकीच्या कडीची.

पुण्यात 1807 च्या सुमारास विश्रामबागवाडा उभा राहिला. तेव्हा कडी-कोयंडे लोहार हाताने घडवायचा. दोन कड्या अगदी सारख्या नसायच्याच. पण एखादी तुटली तर अडायचं नाही. लोहार कोयंडा बघायचा आणि त्याला बसेल अशी नवी कडी ठोकून द्यायचा.

तिकडे इंग्लंडमध्ये 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने नट-बोल्टच्या आट्यांसाठी ठरावीक मापं सुचवली. त्यामुळे एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसू लागला. सुटा भाग बदलणं सोपं झालं.

मग आज स्लायडिंग खिडकीचं लॉक तुटलं की 'हे मॉडेल बंद झालं' असं का ऐकावं लागतं? कारण ते माप सगळ्यांचं नसतं, एकाच कंपनीचं असतं. फोनच्या चार्जरचंही तेच होतं ना? म्हणून तर युरोपने 2024 च्या अखेरीस टाइप-सी सक्तीचं केलं.

तेव्हा तुटकी कडी फेकू नका. तीच नमुना म्हणून घेऊन रविवार पेठेतली बोहरी आळी गाठा. तिथे नाहीच मिळाली, तर लोहार आहेच की!