बुलेटचा श्वास

वडिलांची 1978ची बुलेट आमच्या गोंदिया जिल्ह्यापेक्षा 21 वर्षांनी मोठी. जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1999 मध्ये. बुलेट मात्र उभी राहील तिथे तेलाचा शिक्का मारते. (बँकेत मीही तेच करतो, पण शाईचा!) ''अहो, अंगणात एक तर ती राहील, नाहीतर माझी रांगोळी,'' असं सौ.ने बजावलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला.

हा रोग घराण्यातला. रॉयल एनफील्डचं मूळ इंग्लंडातल्या रेडिच गावचं, सुया बनवणाऱ्या कारखान्यातलं. सुईवाल्यांच्या इंजिनाला बारीक भोकं असायचीच! 1955 पासून बुलेट मद्रासला जुळू लागली आणि ते जुनं इंजिन थेट एकविसाव्या शतकापर्यंत टिकलं. गळणंही टिकलं.

मी तीन वेळा गॅस्केट बदललं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन रॉकेलने धुतलं, वर चक्क पावडर भुरभुरली आणि म्हणाला, ''आमगाव रोडनं फिरून या जी.'' परतलो तर एक नव्हे, सगळेच सांधे ओले.

''सांधे चांगले हायेत साहेब. हिचा श्वास कोंडला.''

पिस्टन खाली आला की पोटातली हवा ब्रीदरच्या झडपेतून बाहेर पडायला हवी. झडप चिकटली, की ती हवा तेलाला सांध्यांतून ढकलते. वीस वर्षं खतावण्या जुळवल्या मी. बेरीज खाली चुकते, चूक वरच्या नोंदीत असते, हे मला सुचू नये?

झडप साफ झाली. रांगोळी निघाली. मी गाडीखाली जुना पेपर मात्र अंथरलाच.