ऑल थिंग्ज मस्ट पास
ब्रिटिश गीतकार, गायक व गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) याचा तीन तबकड्यांचा रॉक गीतसंच. ‘अ‍ॅपल’ संस्थेतर्फे नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिका व ब्रिटन येथे प्रकाशित. ‘बीटल्स’ वृंद त्याच वर्षी विसर्जित झाला होता. वृंदातील बहुतेक गीते लेनन व मॅकार्टनी यांची असत आणि हॅरिसनच्या वाट्यास एका ध्वनिमुद्रिकेत एक-दोन जागा येत. त्यामुळे त्याची अनेक गीते पडून राहिली. त्यांपैकी काही १९६६ मधील होती; शीर्षकगीताच्या तालमी जानेवारी १९६९ मध्ये होऊनही बीटल्सने ते प्रकाशित केले नाही.

ध्वनिमुद्रण मे १९७० च्या अखेरीस लंडनमध्ये सुरू झाले. त्याच काळात, जुलैमध्ये, हॅरिसनची आई निवर्तली. सहनिर्माता फिल स्पेक्टर हा एकाच वेळी अनेक गिटार, पियानो व तालवाद्ये वाजवून, त्यांवर प्रतिध्वनीचा दाट थर चढविण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमान इत्यादींनी साथ केली. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावते. त्याहून अधिक भरल्यास खाचा अरुंद होऊन आवाज क्षीण होतो. म्हणून अठरा गीते दोन तबकड्यांवर घेतली असून तिसरीवर उत्स्फूर्त वादन आहे. हे वादन पहिल्या दोन तबकड्यांच्या तोडीचे नाही. वेष्टन पेटीवजा असून त्यावर हॅरिसन आपल्या बागेत चार बुटक्या पुतळ्यांमध्ये बसलेला दिसतो.

हॅरिसनने सतारीचे शिक्षण रविशंकर यांच्याकडे घेतले. त्यासाठी तो १९६६ मध्ये मुंबईस आला होता आणि जानेवारी १९६८ मध्ये त्याने तेथे भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रणही केले. या गीतसंचात सतार नाही. परंतु तारेवरून नळी सरकवीत स्वर काढण्याच्या त्याच्या नव्या गिटारवादनात मींडेचा संस्कार जाणवतो. ‘माय स्वीट लॉर्ड’ या गीतात ख्रिस्ती स्तुतिघोष हळूहळू कृष्णनामात मिसळतो व पुढे गुरुस्तुतिपर संस्कृत श्लोकही येतो.

हेच गीत अमेरिका व ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेच न्यायालयात गेले. रॉनी मॅकरचित व ‘शिफॉन्स’ या वृंदाने १९६३ मध्ये लोकप्रिय केलेल्या ‘हीज सो फाइन’ या प्रेमगीताची चाल उचलल्याचा दावा त्या गीताच्या स्वामित्वधारक कंपनीने १९७१ मध्ये दाखल केला. दोन्ही गीतांत तेच लहान स्वरवाक्य पुनःपुन्हा येते. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली असे न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांना वाटले नाही. तथापि परिचित चाल नेणिवेतून उतरली तरी ते स्वामित्वभंगच होय, असा निर्णय त्यांनी १९७६ मध्ये दिला. लोकगीते व भजने यांच्या चाली मुखोमुखी फिरत असतात. छापील स्वामित्वावर उभ्या असलेल्या व्यवसायास मात्र अशी मोकळीक परवडत नाही. पुढे हॅरिसनचा पूर्वीचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने मूळ गीताचे हक्क स्वतःच विकत घेतले. दाव्याच्या आरंभी तो हॅरिसनच्या बाजूने वाटाघाटी करीत होता. त्याला यातून नफा मिळविता येणार नाही, असे न्यायालयाने १९८१ मध्ये ठरविले व त्याने मोजलेले ५,८७,००० डॉलर देऊन हक्क हॅरिसनकडे जावेत, असा आदेश दिला. तरीही वाद १९९० नंतरच्या दशकापर्यंत रेंगाळला.

ब्रिटनमध्ये १९७१ च्या आरंभीच्या टपाल-संपामुळे विक्रीची अधिकृत क्रमवारी तयार होऊ शकली नाही. संचाचा तेथील पहिला क्रमांक अधिकृतपणे २००६ मध्ये नोंदविला गेला. स्पेक्टरचा प्रतिध्वनी अतिरेकी होता, असे हॅरिसनला पुढे वाटू लागले व २००१ च्या आवृत्तीच्या वेळी त्याने तसे लिहिलेही. २०२१ मध्ये पॉल हिक्स याने मूळ फितींवरून केलेल्या नव्या मिश्रणात हॅरिसनचा आवाज बराच पुढे आणला आहे.