पॅक-मॅनच्या संसाराची कुळकथा

शेजारघरून फराळाचे ताट आले की चाणाक्ष गृहिणी चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकते आणि भाजणीत उडदाची डाळ किती, धणे-जिरे किती, हे मनाशी ठरवून मोकळी होते. तिने कोणाची वही चोरलेली नसते. तयार पदार्थावरून मागे मागे जात ती कृतीपर्यंत पोहोचलेली असते. यंत्रांच्या जगात याच विद्येला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. घरातल्या घरात ती निरुपद्रवी. पण तशाच चकल्या, वर थोडा आपला मसाला घालून, बाजारात मांडल्या तर? मूळ सुगरणीने रागवावे की कौतुक करावे? व्हिडिओ खेळांच्या दुनियेत हा प्रश्न १९८१ साली अमेरिकेत न्यायालयाच्या दारापर्यंत गेला, आणि त्याची कथा मोठी मनोरंजक आहे.

नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे तेव्हा तिकडे पेव फुटले होते. एमआयटी या प्रख्यात संस्थेतील डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे विद्यार्थी वसतिगृहांत अशी यंत्रे मांडून चार पैसे मिळवीत. त्यांत अटारी कंपनीचे ‘मिसाइल कमांड’ होते. डेव्ह थ्यूरर यांनी १९८० साली रचलेला हा खेळ जरा निराळाच. आकाशातून अस्त्रे कोसळत असतात आणि खेळणाऱ्याने सहा शहरे वाचवायची असतात. ती शेवटपर्यंत वाचत नाहीतच. जिंकणे या खेळात नाही. अखेर पडद्यावर ‘द एंड’ अशी अक्षरे उमटतात. हा खेळ घडविताना थ्यूरर यांना अणुहल्ल्याची दुःस्वप्ने पडत असत.

वसतिगृहातील पोरांना मात्र दुःस्वप्ने पडत नव्हती. ती खेळात इतकी तरबेज झाली की एका नाण्यात तासन्‌तास यंत्र अडवून बसू लागली. गल्ला आटला. तेव्हा या दोघांनी खेळच अवघड करण्याचे मनावर घेतले.

हे काम सोपे नव्हते. खेळ लिहिणाऱ्याच्या कागदावर प्रत्येक भागाला नाव असते, टिपण असते. विकल्या जाणाऱ्या यंत्रातील चिपमध्ये यांतले काहीच उरत नाही. उरतात त्या केवळ आकड्यांच्या रांगा. त्या वाचून, हा आकडा अस्त्राची गती ठरवतो, तो गुण मोजतो, असे एकेक उकलत जावे लागते. त्यांनी ते केले, आणि मूळ यंत्र जागच्या जागी ठेवून त्याला जोडायची एक पट्टी तयार केली. ठरावीक ठिकाणी मूळ सूचनेऐवजी या पट्टीची सूचना चाले, आणि खेळ नवा होई. ‘सुपर मिसाइल अटॅक’ या नावाने ही पट्टी २९५ डॉलरला विकली जाऊ लागली.

अटारीचा जळफळाट झाला, आणि तो अकारण नव्हता. जुने यंत्र या किमतीत ताजे होत असेल, तर दुकानदार अनेक पट महाग असे नवे यंत्र कशाला घेईल? शिवाय खेळाचे नाव कंपनीचे, श्रम थ्यूरर यांचे आणि कमाई तिसऱ्याचीच! अटारीने दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. मुले डगमगली नाहीत. ज्याने यंत्र विकत घेतले त्याने त्यात काय बदल करावा हा त्याचा प्रश्न, असा त्यांचा पक्ष होता.

शेवटी समेट झाला, आणि तोही असा की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. दावा मागे घेऊन अटारीने या पोरांच्या जनरल कॉम्प्युटर कंपनीला नवे खेळ रचण्यासाठी दरमहा ५० हजार डॉलर, दोन वर्षे, द्यायचे ठरवले! ज्यांनी आपले यंत्र उकलले, त्यांना ते आपल्याइतकेच कळते, हे अटारीने ओळखले होते. पुढे अटारीचे ‘७८००’ हे घरगुती यंत्रही याच मंडळींनी घडवले. करारात एक अट होती: मूळ उत्पादकाच्या संमतीवाचून जोडपट्ट्या विकायच्या नाहीत. अशी संमती कोण देणार, असे अटारीला वाटले असावे.

पण पोरांच्या टेबलावर दुसरी पट्टी तयार होत होती. जपानच्या नामको कंपनीतील तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ १९८० पासून गाजत होता. अमेरिकेत तो मिडवे कंपनी विकी. त्यातील भुते ठरावीक रीतीने चालत, म्हणून वाट पाठ करणाऱ्याला ती पकडू शकत नसत. पोरांनी भुतांच्या चालीत लहर घातली, एकाऐवजी चार चक्रव्यूह केले, फळांना फिरते केले आणि नायकाला पाय फोडून त्याचे नाव ‘क्रेझी ऑटो’ ठेवले. मग सरळ मिडवेचे दार ठोठावले आणि संमती मागितली. मिडवेला पॅक-मॅनच्या पुढच्या खेळाची निकड होतीच. ऑटोचे पाय गेले, डोक्यावर रिबन आली, आणि १९८२ च्या आरंभी ‘मिझ पॅक-मॅन’ अवतरली. आधी ‘मिस’ असे नाव योजले होते. पण खेळात तिचे प्रेम जुळते आणि करकोचा बाळ घेऊन येतो, तेव्हा कुमारिकेच्या घरी बाळ कसे, अशी शंका निघून ‘मिझ’ ठरले! तिची लाखाहून अधिक यंत्रे खपली.

सगळ्यांचेच असे फळले नाही. मिडवेच्याच ‘गॅलेक्सियन’ खेळाची गती वाढवणारी चिप विकणाऱ्या आर्टिक कंपनीला १९८३ साली न्यायालयाने दोषी ठरवले. वेगवान झालेला खेळ हे मूळ कृतीचेच अपत्य, आणि त्याच्या कमाईवर मूळ मालकाचा अधिकार, असा तो न्याय. दोन्हीकडे विद्या एकच. एकाने संमती विचारली, दुसऱ्याने विचारली नाही.

तरीही संमतीने सारे हिशेब मिटतात असे नाही. मिझ पॅक-मॅनच्या हक्काचा एक धागा त्या पोरांच्या कंपनीकडे राहिला, आणि तो पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला. २०२२ साली नामकोचा जुना ‘पॅक-लँड’ खेळ नव्याने निघाला, तेव्हा त्यात पॅक-मॅनच्या घरी मिझ नव्हती. तिच्या जागी ‘पॅक-मॉम’ नावाची वेगळीच गृहिणी उभी होती. स्वतःच्या मानसपुत्राची चाळीस वर्षांची सहचारिणी कंपनीला बदलावी लागली.

या साऱ्या व्यवहारात कंपन्या भांडल्या, कंपन्यांनी समेट केले. थ्यूरर यांच्या सहा शहरांवर नवी अस्त्रे सोडताना त्या शहरांच्या अंतामागे काही म्हणणे होते का, हे मात्र कोणी विचारले नाही. प्रश्न गल्ल्याचा होता. यंत्र उकलले की त्यातील सूचना सापडतात. त्या लिहिणाऱ्याच्या झोपमोडीची नोंद कोणत्याही चिपमध्ये सापडत नाही; ती ज्याची त्याने ठेवायची असते.