घोडा राखण्याची विद्या

चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत आज यंत्राचें बळ अश्वशक्तीनें मोजतात. घोडा मात्र त्या रस्त्यांवर क्वचितच दृष्टीस पडतो. शब्द राहिला, प्राणी गेला. त्या प्राण्याची योग्यता ओळखण्याची एक जिवंत रीत ‘इव्हेंटिंग’ या अश्वक्रीडेंत उरली आहे. म्हणून तिचा परिचय वाचकांस करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या खेळांत एकाच स्वारानें एकाच घोड्यावर तीन परीक्षा द्यावयाच्या असतात. पहिली ‘ड्रेसाज’, म्हणजे आज्ञाधारकतेची: आखलेल्या रिंगणांत निरनिराळ्या चाली स्वाराच्या अल्पशा इशाऱ्यासरशी दाखवावयाच्या. दुसरी ‘क्रॉस-कंट्री’: मोकळ्या रानांत ओंडके, चर व पाणी ओलांडीत ठराविक वेळांत दौड पुरी करावयाची. तिसरी उड्यांची, तेथें अडसराचा दांडा पडला कीं दंडाचे गुण चढतात. ज्याचे दंडगुण सर्वांत थोडे, तो विजयी. परंपरागत क्रमांत उड्यांपूर्वीं घोड्याची तपासणी होते आणि लंगडणारा घोडा बाद ठरतो. खरी मेख येथेंच आहे. कालच्या दौडींत ज्यानें घोड्याचा जीव राखला, तोच आज मैदानांत उभा राहतो.

हा खेळ युरोपीय घोडदळांतून निघाला. १९०२ सालीं फ्रान्समध्यें लष्करी घोड्यांची अशी स्पर्धा झाली. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकांत तिला स्थान मिळालें. तो मूळचा आमचाच, असें म्हणण्याचा मोह कोणीं धरूं नये. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें शहाणपण या मुलुखास नवें नव्हतें. भीमेच्या कांठचीं काटक तट्टें ‘भीमथडी’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. तळेगांवचे दाभाडे आणि खेड तालुक्यांतील दावडीचे गायकवाड यांच्या फौजांनीं गुजराथ गाठली. इतका पल्ला केवळ तरवारीच्या जोरावर गांठतां येत नाहीं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगितली आहे: पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. चिपळूणनजीकच्या छावणीस पाठविलेल्या महाराजांच्या प्रसिद्ध पत्रांतही हीच चिंता दिसते. दाणावैरण आतांच उधळली, तर पावसाळ्यांत घोडीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, हा त्याचा आशय.

१९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत रघुवीरसिंग यांनीं इव्हेंटिंगचें वैयक्तिक सुवर्णपदक मिळविलें, आणि सांघिक सुवर्णपदकही भारतासच लाभलें. २०१८ सालीं जकार्ता येथें फवाद मिर्झा यांस रौप्यपदक मिळालें. या यशाचें कौतुक करतांना आम्ही स्वाराकडे पाहतों. घोड्याच्या खुरांकडे पाहत नाहीं. आमच्या इतिहासलेखनाचाही हाच दोष आहे. दौडींचीं वर्णनें उदंड झालीं. पखालजी आणि नालबंद मात्र एका ओळीपुरतेच उरले. मराठी घोडदळाचा खरा इतिहास ज्यास लिहावयाचा असेल, त्यानें तरवारींबरोबर गवताच्या गंजीही मोजाव्या.